शेवटी वापरलेले : महाराणी जिंदांच्या दागिन्यांचा माग

माझे बालपण नाशिकला गेले. गोदाघाटावर पोहायला, बाजाराला, कुणाच्या तरी दशक्रियेला किती वेळा गेलो असेन त्याची मोजदाद नाही. पण पंजाबच्या शेवटच्या महाराणीचे दहन याच गोदावरीच्या काठी १८६४ साली झाले, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले, आणि तेही इतिहासाच्या पुस्तकातून नव्हे, तर लंडनमधल्या एका लिलावाच्या बातमीतून.

२०१८ च्या एप्रिलमध्ये बॉनहॅम्स या लिलावगृहात सोन्याची कर्णभूषणे १,७५,००० पौंडांना विकली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाचू आणि बारीक मोत्यांचा एक कंठा १,८७,००० पौंडांना गेला. दोन्ही वस्तू महाराजा रणजितसिंहांची पत्नी आणि महाराजा दलीपसिंहांची आई, महाराणी जिंद कौर हिच्या अंगावरच्या म्हणून विकल्या गेल्या. लोक तिला जिंदां म्हणत.

त्या रकमांपेक्षा मला अडकवून ठेवले ते एका पेटीने. या महाराणीचे काही दागिने फ्रेझर अँड हॉज या लंडनच्या जवाहिऱ्याच्या पेटीतून पुढे आले आहेत. पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे. त्याचा आशय असा, की ही वस्तू महाराजा रणजितसिंहांनी जमवलेल्या लाहोर दरबाराच्या संग्रहातली असून दिवंगत महाराणीने ती शेवटी वापरलेली आहे. संग्रह दरबाराचा, जमवणारा महाराजा, महाराणी फक्त वापरणारी. दागिना तिचा होता असे त्या मजकुरात कुठेही म्हटलेले नाही.

या दागिन्यांचे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते या एका वाक्यात दडलेले आहे.

*

आपल्याकडे हा भेद नवा नाही. होळकरांच्या घराण्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन वेगळे हिशेब होते. दौलत राज्याची, खासगी राणीची. सामान्य घरांतही स्त्रीधन ही कल्पना धर्मशास्त्राने मानलेली होती. कंपनीच्या अदालतींत हिंदूंचे वारसाचे खटले त्याच शास्त्राच्या आधारे चालत आणि तिथे स्त्रीधनाचा विचार होई. म्हणजे एखाद्या सावकाराच्या विधवेच्या पाटल्यांवर तिचा हक्क आहे हे कंपनीला चांगले ठाऊक होते. पदच्युत राणीच्या बाबतीत मात्र हे ज्ञान गैरसोयीचे ठरत असे.

जिंदांचे वडील मन्नासिंह औलख हे महाराजांच्या श्वानशाळेवरचे अधिकारी. १८३५ मध्ये तिचे रणजितसिंहांशी लग्न झाले, १८३८ मध्ये दलीपसिंहांचा जन्म झाला आणि पुढच्याच वर्षी महाराज वारले. चार वर्षांत गादीवर एकामागून एक वारस आले आणि गेले. १८४३ मध्ये पाच वर्षांच्या दलीपसिंहाला गादी मिळाली आणि कारभार आईच्या हाती आला. पहिल्या इंग्रज-शीख युद्धानंतर, डिसेंबर १८४६ च्या भैरोवाल तहाने, तिला कारभारातून दूर करून वर्षाला दीड लाख रुपयांची नेमणूक दिली गेली. ऑगस्ट १८४७ मध्ये मुलाला तिच्यापासून वेगळे करून तिची रवानगी शेखुपुराच्या किल्ल्यात झाली. नेमणूक ४८,००० वर आली. १८४८ मध्ये तिला पंजाबबाहेर काढून बनारसला ठेवले. कटाचा संशय घेऊन तिथून चुनारच्या किल्ल्यात हलवले, तेव्हा तिचे जवाहीर बनारसलाच कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात राहिले.

एप्रिल १८४९ मध्ये दासीच्या वेशात ती चुनारमधून निसटली आणि जंगले तुडवत काठमांडूला पोहोचली. जंगबहादूर राणांनी तिला आश्रय दिला. इकडे कंपनीने तिचे जवाहीर जप्त केले आणि नेमणूक बंद केली.

ती चुनारमध्ये कैदेत असतानाच, २९ मार्च १८४९ रोजी, लाहोरला दहा वर्षांच्या मुलाकडून तहावर सही घेण्यात आली होती. कोहिनूर इंग्लंडच्या राणीला द्यावा, हे त्याचे तिसरे कलम सगळ्यांना माहीत असते. दुसऱ्या कलमाकडे फारसे कुणी वळत नाही. राज्याची मालमत्ता, ती कोणत्याही प्रकारची असो आणि कुठेही सापडो, युद्धखर्च व कर्जापोटी कंपनीची होईल, असे ते कलम सांगते. ‘कुठेही सापडो’ या शब्दांचा आवाका मोठा आहे. त्यात जामदारखानाही येतो, आणि राज्य व राजघराणे एकच धरले तर देवघर आणि राणीच्या महालातली पेटीही येते.

*

राजघराण्याचे जवाहीर हातातून जाते तेव्हा त्याच्या साधारण तीन वाटा होतात.

पहिली वाट संग्रहालयाची. लाहोरच्या जामदारखान्याची, म्हणजे तोशाखान्याची, यादी डॉ. जॉन लॉगिन यांनी केली. निवडक वस्तू इंग्लंडला गेल्या. कोहिनूर गेला, तैमूर रुबी म्हणून ओळखली जाणारी लाल रत्ने असलेला हार १८५१ मध्ये व्हिक्टोरिया राणीकडे पोहोचला, रणजितसिंहांचे सुवर्णसिंहासन आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. या वस्तूंना नोंद आहे, क्रमांक आहे. त्या परत मागता येतात, निदान त्यांच्यावर वाद तरी घालता येतो.

दुसरी वाट लिलावाची. तोशाखान्यातला उरलेला माल कलकत्त्याला लॅटी ब्रदर्स यांच्याकडून विकला गेला. पुढे चारच वर्षांनी नागपूरकर भोसल्यांच्या जवाहिराच्या नशिबीही कलकत्त्याचाच लिलाव आला. नागपूरच्या वाड्यातल्या राण्यांनी विरोध केला, पण हातोडा पडलाच. अशा विक्रीत वस्तूचे नाव पुसले जाते. कंठ्यातले मणी सुटे होतात, पाचू नव्या कोंदणात बसतात, मोती दुसऱ्या सरात ओवले जातात. सोने तर वितळले की त्याला भूतकाळच उरत नाही.

तिसरी वाट परतीची. ही सगळ्यांत विरळ, आणि जिंदांच्या दागिन्यांच्या वाट्याला काही काळ ती आली.

जानेवारी १८६१ मध्ये कलकत्त्याच्या स्पेन्सेस हॉटेलात मायलेकरांची भेट झाली. मधे तेरा वर्षे गेली होती. तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवताना त्याचे केस कापलेले आहेत हे तिला स्पर्शाने कळले, असे सांगतात. मुलगा ख्रिस्ती झाला होता, इंग्लंडमध्ये जमीनदारासारखा राहत होता. ती त्याच्याबरोबर इंग्लंडला जाणार हे ठरले, तेव्हा सरकारने अडकवून ठेवलेले तिचे जवाहीर परत केले. स्वतःच्याच वस्तू तिला देश सोडण्याच्या अटीवर मिळाल्या.

लेडी लॉगिन यांच्या आठवणींत लंडनमधल्या जिंदांचे चित्र आहे. दागिने परत हाती आल्याच्या आनंदात तिने स्वतःला तर सजवलेच, पण आपल्या दासींनाही हारांनी आणि कर्णभूषणांनी मढवले. लेडी लॉगिन हा प्रसंग काहीशा गमतीने सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही. ज्या बाईला नीट दिसत नाही, ती दागिने आरशासाठी घालत नसते. बोटांनी चाचपून, मोजून, ओळखून ती ते आपले असल्याची खात्री करून घेत असते. आणि आपल्या दासीला घालायला देणे, हा तर मालकीचा सर्वांत स्पष्ट पुरावा. परक्याची वस्तू कुणी अशी वाटत नाही.

याच काळात चित्रकार जॉर्ज रिचमंड यांनी तिचे चित्र काढले. चित्रात तिच्या गळ्यात पाचू-मोत्यांचा कंठा आहे. आज अशा वस्तूंची ओळख पटवताना यादी, चित्र आणि पेटीवरचा मजकूर अशी साक्ष जुळवावी लागते. या तिघांपैकी तिला मालकासारखी दाखवणारे एकटे चित्रच आहे.

*

१ ऑगस्ट १८६३ रोजी केन्सिंग्टनमधल्या घरात ती वारली. इंग्लंडमध्ये तेव्हा दहनाची सोय नव्हती. देह केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत ठेवावा लागला. पुढच्या वर्षी दलीपसिंह तो घेऊन मुंबईला उतरले. पंजाबात नेण्याची परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन नाशिकला झाले आणि गोदावरीकाठी छोटी समाधी उभी राहिली. १९२४ मध्ये नात बंबा हिने अस्थी लाहोरला नेऊन रणजितसिंहांच्या समाधीत ठेवल्या.

देहाचा प्रवास असा पूर्ण झाला. दागिन्यांचा झाला नाही. ते मुलाकडे आले, आणि मुलगा कर्जात बुडत गेला. सरकारशी हिशेबावरून त्याचे बिनसले. १८८६ मध्ये तो हिंदुस्थानकडे निघाला तेव्हा त्याला एडनला अडवले गेले. १८९३ मध्ये पॅरिसला तो वारला. त्याच्या एकाही अपत्याला मूल झाले नाही. शेवटची बंबा १९५७ मध्ये लाहोरला गेली. तिच्याकडची चित्रे आणि वस्तू लाहोरच्या किल्ल्यात आहेत. आजीचे दागिने मात्र जवाहिऱ्यांच्या पेट्यांतून पांगले, आणि अधूनमधून एखाद्या लिलावाच्या यादीत डोके वर काढतात.

कोहिनूर कुणाचा, यावर चार देश भांडतात, कारण तो राज्याचा होता आणि राज्यांना वारस असतात. कर्णफुले एका बाईची होती. तिच्या बाजूने दावा लावायला कुणी उरलेले नाही, आणि पेटीवरचा मजकूरही तिच्या बाजूने साक्ष देत नाही.

माझ्या आजीच्या दागिन्यांच्या डब्यात, लाल कापडाखाली, एक घडी घातलेला कागद असे. लक्ष्मीपूजनाला डबा बाहेर निघे तेव्हा ती तो वाचून घेई. पोत माहेरची, तोडे सासऱ्यांनी केलेले, नथ स्वतःच्या भिशीच्या पैशांतून. कोणती वस्तू कुणाला द्यायची, तेही खाली लिहिलेले. आम्ही हसायचो. घरात चोर शिरणार नाही, मग हे कशाला? चोरासाठी नाही रे, ती म्हणायची, उद्या कुणी हिशेब करायला बसेल ना, त्याच्यासाठी.