आंबोलीत उतरावे कोठे?

उज्जैनची मराठी मंडळी सह्याद्रीकडे सहलीस निघाली की महाबळेश्वर-माथेरानची नावे प्रथम घेतात. आंबोली फार थोड्यांना ठाऊक असते. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, सावंतवाडीपासून सुमारे ३० किलोमीटरांवर, घाटमाथ्यावर हे गाव वसले आहे. वेंगुर्ले बंदरातून बेळगावकडे जाणाऱ्या मार्गावरील मुक्काम म्हणून इंग्रजी अमदानीत त्याला महत्त्व आले. इतक्या दूरची जागा आपणास घरबसल्याच ठरवावी लागते, आणि ती गैरसोयीची निघाली तर रातोरात दुसरीकडे जाण्याची सोय तेथे फारशी नाही. बरोबर म्हातारी माणसे अथवा दम्याचे मूल असेल तर निवडीचा प्रश्न केवळ चैनीचा उरत नाही.

प्रथम एक आकडा पाहा. आंबोलीची उंची सुमारे ६९० मीटर आहे. आपले उज्जैन सुमारे ४९० मीटरांवर आहे. म्हणजे नानाखेड्याहून निघालेला मनुष्य इतका प्रवास करून उणापुरा दोनशे मीटर वर चढतो! एवढ्याशा उंचीत थंडी ती किती असणार, असे वाटून पुष्कळ जण निर्धास्त राहतात. परंतु आंबोलीत थंडीपेक्षा ओल अधिक त्रास देते. समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या कड्यावर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले ओझे तेथेच टाकतात. आंबोली नेमकी त्या कड्याच्या काठावर आहे. म्हणून उज्जैनला वर्षाकाठी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडत असता आंबोलीत तो ७००० मिलिमीटरांहून अधिक पडतो. पावसाळ्यात ढग खिडकीतून खोलीत शिरतात. हे वर्णन ऐकावयास गोड आहे. पण चार दिवस वाळत घातलेले कपडे पाचव्या दिवशीही ओलेच राहिले आणि गादीला कुबट वास येऊ लागला की त्यातील काव्य ओसरते.

तेव्हा जागा ठरविताना खिडकीतून दरी दिसते काय, हा प्रश्न मागाहून विचारावा. दरी बहुधा धुक्यातच असते. आधी विचारावे की भिंतींना ओल येते काय, कपडे वाळविण्यास आडोसा आहे काय, आणि वीज गेल्यावर स्नानास ऊन पाणी कशावर मिळते. बंब किंवा चूल असलेले घर अशा वेळी विजेवर विसंबणाऱ्या झकपक खोलीपेक्षा अधिक उपयोगी ठरते. उन्हाळ्याच्या सुटीत जाणाऱ्यांनी पाण्याची चौकशी करावी. एवढ्या पावसाच्या गावी पाण्याची चौकशी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु तेथील जांभा दगड सच्छिद्र असतो, पडलेले पाणी तो फार काळ धरून ठेवीत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. २०१६ च्या सिंहस्थात आपण यजमान होतो, आणि २०२८ मध्ये पुन्हा होणार आहोत. महाकालाचे मंदिर ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणून जी खोली यात्रेकरूच्या गळ्यात पडते, तेथून ते कधी कधी तीन-चार किलोमीटर निघते, हे नानाखेड्यातील रहिवाशांना मी सांगावयास नको. आंबोलीतही ‘जवळ’ या शब्दाचा अर्थ असाच लवचीक आहे. गाव रस्त्याच्या कडेने पसरलेले आहे. हिरण्यकेशीचे मंदिर सुमारे पाच, तर कावळेसाद सुमारे दहा किलोमीटर दूर. स्वतःचे वाहन नसेल तर एसटीच्या थांब्यापासून चालत जाता येईल असेच घर घ्यावे. आणि सावंतवाडीहून निघावयाचे ते दिवसाउजेडी पोहोचण्याच्या बेताने. धुक्यात घाट चढणे धोक्याचे, आणि अतिवृष्टीत दरड कोसळून रस्ता बंदही पडतो.

राज्याच्या पर्यटन महामंडळाचे निवासस्थान तेथे आहे, खासगी हॉटेले आहेत, आणि गावकऱ्यांनी आपल्या घरी केलेली सोयही मिळते. माझा कल या शेवटच्या प्रकाराकडे आहे. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि सोलकढी हे त्याचे एक कारण खरे, पण एकमेव नव्हे. आंबोलीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, पहिल्या पावसाच्या डबक्यांत अंगावर वाघासारखे पट्टे असलेला एक लहानसा भेक अंडी घालतो. शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्याची नोंद केली. या परिसराबाहेर तो जवळजवळ आढळतच नाही. हिरण्यकेशीच्या कुंडातील एका चिमुकल्या माशाची नोंद तर २०२० मध्ये झाली आणि दुसऱ्याच वर्षी ते स्थान जैवविविधता वारसा म्हणून घोषित झाले. कातळ फोडून उभारलेल्या इमारतीत आपण उतरलो तर त्या भेकाचे डबके बुजविण्यास आपलेच पैसे लागले असे होते. गावातील जुन्या घरी उतरणाऱ्यास ही टोचणी नसते, शिवाय रात्री बेडूक पाहावयास कोणत्या वाटेने जावे आणि गाडी कोठे हळू हाकावी हे तेथील मुले बिनचूक सांगतात.

राहिला प्रश्न दिवसांचा. जुलै-ऑगस्टमधील शनिवार-रविवारी धबधब्यापाशी वाहनांची व हुल्लडबाजांची गर्दी असते. कुटुंबाने तो काळ टाळून मधले वार धरावेत. आपल्या शाळांना सोयीची म्हणजे दिवाळीची सुटी. तेव्हा पाऊस ओसरलेला, ओढे अजून वाहते, आणि अंथरूणही कोरडे मिळते.