फवारणीला मजूर लावताय? मग त्याच्या जिवाची जबाबदारी तुमची

कपाशी कमरेच्या वर गेली, सोयाबीन फुलोऱ्यात आलं की गावोगावी फवारणीची घाई सुरू होते. घरच्या माणसांकडून काम आटोपत नाही म्हणून मजूर लावला जातो. कुठे रोजाने, तर कुठे पंपामागे पैसे ठरतात. कारखान्यात माणूस कामाला ठेवला तर त्याच्या सुरक्षेची जबाबदारी मालकाची, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्या शेतात पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराचे मालक आपणच आहोत, हे अनेक शेतकऱ्यांच्या लक्षात येत नाही.

2017 मध्ये काय झालं होतं?

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन 20 पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. यात कोणी विष प्यायलं नव्हतं, सगळे कामाला गेले होते. त्या वर्षी कपाशी खूप उंच वाढली होती. झाडाच्या शेंड्यावर मारलेला फवारा तोंडावर, छातीवर परत येत होता. वरून उकाडा, अंगावर घामाने भिजलेला सदरा आणि पंपात दोन-तीन औषधं एकत्र केलेली. त्यानंतर काही दिवस सगळे जपून वागले. आता पुन्हा उघड्या अंगाने, तोंडाला नुसता दुपट्टा बांधून फवारणी करणारे मजूर सगळीकडे दिसतात.

विष अंगात कसं जातं?

आपण त्याला औषध म्हणतो. बाटलीवर मात्र विष असं लिहिलेलं असतं. हे विष फक्त तोंडावाटे जातं असं नाही, ते कातडीतूनही जातं. कपाळ, मान, काख आणि जांघ इथून लवकर जातं. सगळ्यात जास्त धोका औषध कालवताना असतो, कारण तेव्हा ते पाण्यात मिसळलेलं नसतं. पंप गळका असेल तर पाठ दिवसभर भिजत राहते. तोंडाला बांधलेला दुपट्टा ओला झाला की तेच विष नाकाशी धरून ठेवतो. मध्येच खर्रा किंवा बिडी घेतली की हाताचं विष थेट तोंडात.

बाटलीवर एक रंगीत खूण असते. लाल म्हणजे अति जहाल, पिवळा जास्त विषारी, निळा मध्यम आणि हिरवा कमी विषारी. हिरवा आहे म्हणून अंगावर घेतलं तरी चालतं, असं नाही.

कायदा काय सांगतो?

देशात कीटकनाशकांचा कायदा 1968 चा आणि त्याचे नियम 1971 चे आहेत. औषध बनवणाऱ्यापासून फवारणाऱ्यापर्यंत सगळ्यांना संरक्षक कपडे असावेत, रिकामे डबे फोडून वस्तीपासून लांब पुरावेत, असं नियमांत आहे. पण कायद्याच्या कलम 38 मध्ये स्वतः कसत असलेल्या जमिनीवरच्या वापराला सूट दिली आहे. त्यामुळे मजुराच्या हातात मोजे आहेत का, हे बघायला कोणी इन्स्पेक्टर धुऱ्यावर येत नाही. याचा अर्थ शेतकरी मोकळा सुटला असा नाही. विषारी पदार्थ निष्काळजीपणे हाताळून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे.

भरपाईचं काय?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरली जाते. मृत्यू झाला तर 2 लाख रुपये मिळतात. पण ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. ज्याच्या घरी जमीनच नाही, तो मजूर यात बसत नाही. म्हणजे सगळ्यात जास्त धोका घेणाऱ्याच्या मागे सगळ्यात कमी आधार आहे. म्हणून भरपाईची वेळच येऊ नये, हे शेतमालकाने पाहायला हवं.

मालकाने एवढं करावं

1. रबरी हातमोजे, चष्मा, मास्क, टोपी, प्लास्टिकचा एप्रन आणि बूट स्वतः आणून द्यावेत. घरून घेऊन ये, असं मजुराला सांगू नये.
2. पंप आदल्या दिवशी पाणी भरून तपासावा. गळका पंप मजुराच्या पाठीवर देऊ नये. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नये, बारीक काडीने किंवा जुन्या ब्रशने साफ करावं.
3. औषध हाताने कालवू नये, लांब काठी वापरावी. लेबलवर सांगितल्याशिवाय दोन औषधं एकत्र करू नयेत.
4. काम सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करावं. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये. पीक डोक्याएवढं झालं असेल तर त्यात फवारणीला माणूस घालू नये.
5. पंपामागे पैसे ठरले की मजूर घाई करतो, विसावा घेत नाही. फवारणीला रोजच ठरवलेला बरा.
6. धुऱ्यावर पाणी आणि साबण ठेवावं. हात-तोंड धुतल्याशिवाय जेवण, पाणी, खर्रा काही नाही.
7. लहान मुलं आणि गरोदर बाई यांना या कामाला लावू नये. फवारलेल्या वावरात लगेच निंदणाला बायका पाठवू नयेत.
8. रिकामी बाटली घरी नेऊ नये, त्यात तेल-पाणी भरू नये. पंप नाल्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नये, जनावरं तेच पाणी पितात.

त्रास झाला तर

डोकं दुखणं, मळमळ, उलटी, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, अंग थरथरणं, दम लागणं ही लक्षणं आहेत. ऊन लागलं असेल म्हणून सोडून देऊ नका. काम लगेच थांबवा, भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि 108 ला फोन करा. ताक, लिंबूपाणी पाजण्यात वेळ घालवू नका. औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्या. कोणतं विष आहे ते कळलं तर डॉक्टरला उपचार लवकर ठरवता येतो.

त्रास कधी कधी काही तासांनी, मजूर घरी गेल्यावर सुरू होतो. म्हणून कोणतं औषध मारलं ते त्याच्या घरच्यांना सांगून ठेवा आणि रात्री एक फोन करून विचारपूस करा. औषधाबद्दल शंका असेल तर किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या नंबरवर फुकटात विचारता येतं.