आठवीतले पहिले चार महिने

मृगाच्या सरी येतात, शाळा उघडतात आणि आमच्या खेड्यांतील मुले बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जाणाऱ्या बसची वाट पाहत उभी राहतात. कर्नाटकात सातवीपर्यंत प्राथमिक शाळा आणि ८ वी ते १० वी हायस्कूल असा क्रम आहे. म्हणून खेड्यातील मुलास आठवी म्हणजे नुसती वरची इयत्ता नव्हे; शाळा, सोबती आणि पुष्कळदा भाषाही नवी असते.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आमच्याकडे आले. म्हणाले, "फादर, पोरगी शाळेला जायला नको म्हणते. गावच्या शाळेत पहिली येत होती, आता चाचणीत नापास झाली. घरीच राहू दे काय?"

आम्ही मुलीस बोलावले. बराच वेळ ती गप्पच होती. अखेर उलगडा झाला. सातवीपर्यंत मराठीतून शिकलेल्या तिला इंग्रजी माध्यमाच्या वर्गात फळ्यावरचे अर्धे शब्द कळत नव्हते. एकदा तिने विचारले तेव्हा मुले हसली. त्या दिवसापासून तिने विचारणेच सोडले. बुद्धी तीच होती, शब्द मात्र परके झाले होते.

आम्ही तिला तीन रकान्यांची एक वही करावयास सांगितली. मराठीत अपूर्णांक, कन्नडात भिन्नराशी, इंग्रजीत फ्रॅक्शन. असे रोज ५ शब्द. तिची आई म्हणाली, "मी अडाणी बाई, मी काय शिकवणार?" पण ती बेळगावच्या बाजारात भाजी विकते, कन्नड बोलणे तिच्या जिभेवर आहे. रात्री भाकरी थापताना तिने मुलीशी कन्नडात बोलावे, एवढेच आम्ही सुचविले.

संत जॉन बॉस्को १८३१ साली, १६ वर्षांचे असताना, खेड्यातून इटलीतील कियेरी शहराच्या शाळेत गेले. आधीचे शिक्षण तुटक झाल्याने त्यांना लहान मुलांच्या वर्गात बसावे लागले. पण थोड्याच काळात ते पुढल्या वर्गांत चढले. त्यांची आई मार्गारिता निरक्षर होती. थोरल्या सावत्र मुलाचा विरोध असताही ती धाकट्याच्या शिक्षणाच्या पाठीशी उभी राहिली.

आईबापांनी हे ध्यानी घ्यावे. घरात एक कोपरा, एक दिवा आणि रोजचा एक तास मुलाच्या अभ्यासासाठी राखावा. त्या तासात विड्या वळणे नको, गुरांमागे धाडणे नको. निकालाची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात वर्गशिक्षकांस भेटून यावे. "किती मार्क पडले?" असे विचारण्याआधी "आज काय समजले नाही?" असे विचारावे. भाड्याच्या पैशांसाठी मुलीस घरी ठेवण्याचे तर कारणच उरलेले नाही. जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यातील स्त्रिया व मुली सरकारी साध्या बसमधून विनामूल्य प्रवास करतात. मुलांसाठीही सवलतीचा विद्यार्थी पास मिळतो.

ती मुलगी सहामाहीत पहिली आली नाही. उत्तीर्ण मात्र झाली, आणि न समजल्यास वर्गात हात वर करू लागली. बापाने तिला त्या दिवशीच घरी बसविले असते, तर हे घडले नसते. मूल "शाळा नको" म्हणाले, तर त्याचे नाव काढण्यापूर्वी त्याला जवळ बसवून का ते विचारावे, आणि ते बोलेपर्यंत धीर धरावा.