न चाखतां कबाबाची परीक्षा

एका निवृत्त शाळामास्तरानें कबाबासारख्या विषयावर बोलावयास यावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. त्यांतून मी जन्मापासून शाकाहारी आहें, हें कळल्यावर तर तें दुप्पट होईल. ज्यानें पदार्थ कधीं जिभेवर ठेवला नाहीं, त्यानें त्याची परीक्षा सांगावी हें विपरीत दिसतें खरें. परंतु जिभेचा आधार नसल्यामुळेंच मला डोळे, नाक आणि कान यांवर विसंबावें लागलें. आणि परक्या शहरांत पैसे मोजण्यापूर्वीं गिऱ्हाइकाजवळ तरी दुसरें कोणतें साधन असतें? ज्यांस मांसाहार वर्ज्य आहे त्यांनीं हें भाषण एका जुन्या कारागिरीची माहिती म्हणून ऐकावें. इतरांस परगांवीं त्याचा थोडाबहुत उपयोग व्हावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आम्हां उदगीरकरांस 'शहर' म्हटलें कीं प्रथम हैदराबाद आठवतें. १७६० सालीं उदगीरच्या लढाईंत सदाशिवरावभाऊंनीं निजामाचा पराभव केला, हें आम्ही अभिमानानें सांगतों. तथापि १९४८ सालच्या सप्टेंबरांत निजामी राज्य संपलें तेव्हां आमचा तालुका त्याच राज्यांत, बीदर जिल्ह्यांत होता. पुढें १९५६ सालीं भाषावार प्रांतरचना झाली. बीदर कन्नड मुलखांत गेलें, हैदराबाद तेलुगु मुलखांत, आणि उदगीर मराठी मुलखांत आलें. नकाशावर रेघा पडल्या. परंतु आगगाडीचा रूळ आणि दवाखान्याची वाट कांहीं बदलली नाहीं. आजहि दुखणें बळावलें म्हणजे आमचीं माणसें बीदरवरून हैदराबादेस जातात.

कांहीं वर्षांपूर्वीं माझे एक स्नेही, उदगीरच्या उर्दू शाळेंतील शिक्षक, मांडीचें हाड मोडल्यामुळें तेथील एका दवाखान्यांत होते. सोबतीला मी राहिलों होतों. शस्त्रक्रिया नीट पार पडली, परंतु त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. चार दिवस दोन चमचे खिचडीपलीकडे कांहीं पोटांत जाईना. डॉक्टर म्हणाले, "यांना पथ्य कांहीं नाहीं. मागतील तें द्या, पण खाऊं घाला. नाहीं तर हाड जुळेल कशाच्या जोरावर?" मीं विचारलें, तेव्हां त्यांनीं डोळे न उघडतां एकच शब्द उच्चारला, "कबाब."

मी तत्काळ बाहेर पडलों. समोरच दिव्यांनीं झगमगलेलें एक मोठें भोजनगृह होतें. तेथून डाळिंबासारखे तांबडेलाल कबाब बांधून आणले. स्नेह्यांनीं एक तुकडा तोंडांत घातला आणि हळूच बाहेर काढून कागदावर ठेवला. मग क्षीण हंसून म्हणाले, "गुरुजी, इसकू कबाब नक्को बोलो, रंग बोलो." मला फार ओशाळल्यासारखें झालें. चार दिवसांनीं माणसानें कांहींतरी मागितलें, आणि तें मला धड आणतां आलें नाहीं. माझी स्थिति ओळखून त्या रात्रीं त्यांनीं पडल्या पडल्या मला जी शिकवणी दिली, तीच आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

प्रथम थोडें कुळासंबंधीं. 'कबाब' हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला, म्हणून पदार्थहि सर्वस्वीं बाहेरचाच असा आपला समज असतो. तो बरोबर नाहीं. अमरकोशांत सळईवर भाजलेल्या मांसाला 'भटित्र' व 'शूल्य' असे शब्द दिले आहेत. कालिदासाच्या शाकुंतलांतील विदूषक मृगयेच्या दगदगीला कंटाळून ज्या तक्रारी सांगतो, त्यांत अवेळीं खावें लागणारें असलें शूल्य मांसहि आहे. याहून जवळचा दाखला तर आमच्या शेजारचाच आहे. बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत राजाच्या भोजनाचें वर्णन करतांना, मांसाच्या तुकड्यांना भोंकें पाडून त्यांत मसाला भरावा व ते सळईवर लावून निखाऱ्यावर भाजावे, अशी कृति दिली आहे. तेव्हां सळई आणि निखारा येथें पूर्वींपासून होतेच. पुढें इराणी व तुर्की पाककलेनें त्यांस नव्या युक्त्या आणि नवें नांव दिलें. अशी देवघेव एकाच बाजूची नसते. आमच्या मराठींतला 'नको' दख्खनी बोलीनें उचलून त्याचा 'नक्को' केला, आणि तिच्याकडून आपण कबाब घेतला.

कबाबाचे ढोबळ मानानें तीन वर्ग होतात. पहिला सीखेचा. खिमा मळून लोखंडी सळईवर थापावयाचा व निखाऱ्यावर भाजावयाचा. दुसरा बोटीचा. यांत मांसाचे लहान तुकडे मसाल्यांत मुरवून तसेच सळईंत ओवतात. तिसरा तव्यावरचा. मांस हरभऱ्याच्या डाळीबरोबर शिजवून, वाटून, त्याच्या टिकिया परतावयाच्या. शामी कबाब तो हाच. हैदराबादचा प्रसिद्ध शिकमपुरीहि याच वर्गांतला. फारसींत 'शिकम' म्हणजे पोट आणि 'पुर' म्हणजे भरलेलें. त्या टिकियेच्या पोटांत घट्ट दहीं, कांदा व पुदिना भरतात, म्हणून हें नांव. याशिवाय तेथें 'पत्थर का गोश्त' म्हणून एक प्रकार मिळतो. त्यांत विस्तवावर तापविलेल्या जाड दगडी फरशीवर मांसाचे काप भाजतात. या सर्वांत करावयास कठीण सीख कबाब, आणि फसवणुकीला जागाहि त्यांतच अधिक. म्हणून त्याच्याच पांच खुणा सांगतों.

पहिली खूण विस्तवाची. दुकानाची पाटी वाचण्यापूर्वीं शेगडी पाहावी. लांकडी कोळसा पुरता पेटून त्यावर राखेची पांढरी साय आलेली असावी. ज्वाळा दिसतां कामा नये. ज्वाळेनें कबाब वरून करपतो, आंत कच्चा राहतो, आणि काजळी बसून कडवट होतो. निखाऱ्याची धग मात्र आंतपर्यंत शिरते. तिनें चरबी वितळून थेंब थेंब खालीं पडते, त्याचा धूर होतो, आणि तोच धूर वर चढून कबाबास सुवास देतो. म्हणून चांगल्या शेगडीजवळ एकसारखी चुरचुर ऐकूं येते, आणि कारागीर पंख्यानें वारा घालतांना हात कधीं जलद, कधीं सावकाश चालवितो. आगीवर नजर न ठेवतां गप्पा मारणाऱ्या माणसाकडून कांहीं घेऊं नये.

दुसरी खूण मांसाची. अखंड तुकड्यावर जंतु असले तर ते बहुधा वरच्या बाजूस असतात व भाजतांना मरतात. खिमा करतांना मात्र वरचें आंत आणि आंतलें वर होतें. त्यामुळें तो ताजा असला पाहिजे व मध्यापर्यंत भाजला गेला पाहिजे. शास्त्रज्ञ खिम्याच्या मध्यभागीं ७१ अंश सेंटिग्रेड उष्णता पोंचावी असें सांगतात. आपण कबाब मोडून आंत वाफ आहे कीं नाहीं, आणि कच्चा गुलाबी भाग राहिला आहे काय, तें पाहावें. सकाळचा खिमा बर्फावांचून संध्याकाळपर्यंत उघडा पडला असेल तर तेथून निघावें. मांस 'छोटे' कीं 'बडे', म्हणजे शेळीमेंढीचें कीं मोठ्या जनावराचें, हें स्पष्ट विचारावें. प्रामाणिक दुकानदारास या प्रश्नाचा राग येत नाहीं. येथें आमच्या भागाची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मांसासाठीं नांवाजलेली उस्मानाबादी शेळी, जी बहुधा काळ्या रंगाची असते, ती मूळची लातूर, तुळजापूर, उदगीर याच टापूंतली. १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा होण्यापूर्वीं आमचा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असे, तेव्हांपासून जातीचें नांव तेंच राहिलें आहे.

तिसरी खूण मळणाऱ्याच्या हाताची. खिमा मीठ घालून पुष्कळ मळला म्हणजे मांसांतील चिकट द्रव्य सुटतें आणि तो सळईस धरून बसतो. हे श्रम चुकवावयाचे असले म्हणजे कोणी त्यांत बेसन किंवा पावाचा चुरा प्रमाणाबाहेर कोंबतो. असा कबाब मोडला असतां आंतून पिठाच्या वडीसारखा सपाट दिसतो. खऱ्या कबाबांत मांसाचे बारीक कण निरनिराळे दिसतात. चरबी साधारण पांच भागांस एक भाग असावी. ती कमी पडली तर कबाब लांकडासारखा कोरडा होतो. मांस मऊ व्हावें म्हणून कच्ची पपई वाटून लावतात. तिच्या चिकांत पपेन नांवाचें द्रव्य असतें व तें मांसाचे धागे तोडतें. पपई बेताची असली तर उपकार, अधिक झाली किंवा फार वेळ राहिली तर मांसाचा लगदा. राहिला मसाला. आपल्या घरच्या बटव्यांतील कंकोळ, ज्यास कबाबचिनी म्हणतात, ती शेपटीची मिरी नांवानें याच पदार्थाची आठवण करून देते. मसाल्याचा वास मांसाच्या वासामागून यावा. तो चार दुकानें आधींच नाकांत शिरूं लागला, तर कांहीं झांकावयाचें आहे असें समजावें.

चौथी खूण रंगाची, आणि येथेंच मी फसलों होतों. निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचा स्वाभाविक रंग तपकिरी. कोठें कोठें काळसर डाग. तांबडा किंवा नारिंगी तजेला हा बाटलींतला असतो. जून २०२४ मध्यें कर्नाटक सरकारच्या आरोग्य खात्यानें कबाबांचे ३९ नमुने तपासले. त्यांपैकीं ८ नमुने कृत्रिम रंगामुळें खाण्यास असुरक्षित ठरले, आणि त्या राज्यांत कोंबडी, मासे व भाज्या यांच्या कबाबांत असे रंग घालण्यास बंदी झाली. सरकारचा हात प्रत्येक शेगडीपर्यंत पोंचत नाहीं. गिऱ्हाइकाचा डोळा पोंचूं शकतो. आपणच लाल रंग पाहून भुलतों, म्हणून विकणारा तो घालतो, हेंहि विसरूं नये.

पांचवी खूण वेळेची. भाजून रास लावून ठेवलेला आणि मागणी येतांच पुन्हां ऊन केलेला कबाब कितीहि नामांकित दुकानचा असो, तो शिळाच. जेथें माल उठतो तेथें तो ताजा असतो. रमजानच्या महिन्यांत संध्याकाळीं चारमिनारच्या आसपास किंवा मुंबईंत महंमदअली रस्त्यावर शेगड्यांस उसंत नसते, तें याचमुळें. पण गर्दी पाहतांना ती कोणाची आहे हेंहि पाहावें. प्रवाशांची गर्दी पाटीमुळें होते, मोहोल्ल्यांतील लोकांची चवीमुळें. २०१९ सालीं युनेस्कोनें हैदराबादेस पाककलेचें सर्जनशील नगर म्हणून मान दिला. परंतु तो मान शहराचा आहे, प्रत्येक दुकानाचा नव्हे.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं या पांच खुणा वहींत लिहून मी जुन्या शहराकडे निघालों. पहिल्या दुकानीं ज्वाळा उसळत होत्या. दुसरीकडे कबाबांची रास लागलेली. तिसऱ्या ठिकाणीं तोच ओळखीचा लाल रंग. एका गल्लींत बंद दुकानाच्या पायरीशीं एक म्हातारा शेगडी मांडून बसला होता. पाटी नव्हती, दिवा एकच. शेजारपाजारचीं चार मुलें भांडीं घेऊन उभीं होतीं. मी शेगडी पाहिली, खिम्याचें झांकलेलें पातेलें पाहिलें, वहींत पाहिलें. म्हातारा हंसूं लागला. मीं सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "दस मिनट बैठो. बीमार के वास्ते अलग लगाता हूं, मिर्ची कम." आणि त्यानें माझ्यासमोर दोन सळया नव्यानें थापल्या. त्या दहा मिनिटांत मला खात्री पटली. ज्याला लपवावयाचें असतें, तो आपणांस शेजारीं बसवून घेत नाहीं.

पुडकें सदऱ्याखालीं धरून मी दवाखान्यांत परतलों. स्नेह्यांनीं वास घेतला, उशीला टेकून बसले, आणि सावकाश दोन कबाब, अर्ध्या रोटीसकट, संपविले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "गुरुजी, खाए बगैर कैसा पहचाने?" मीं वही पुढें केली. त्यांनीं ती वाचली, एके ठिकाणीं शुद्धलेखनाची चूक काढली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपण होऊन भात मागितला.

श्रोतेहो, आपणहि परक्या शहरांत असाल तेव्हां पाटीपेक्षां शेगडीकडे पाहा, विचारावयास संकोचूं नका, आणि दहा मिनिटें थांबण्याची तयारी ठेवा. एवढें केलें तर बहुधा फसणार नाहीं.