प्रश्न एकाचा, डोळे अनेकांचे

डबाबंद अन्नाचे दोन पत्र्याचे डबे हातात आहेत. एकात मका, दुसऱ्यात घेवडा. आकार एकच, वजनही जवळपास सारखं. अंध माणसाला डबा उघडल्याशिवाय फरक कळत नाही, आणि उघडला की तो संपवावाच लागतो. असे प्रश्न दिवसभर येत राहतात. औषधाची मुदत संपली का, हा शर्ट निळा की काळा, मशीनच्या पडद्यावर आत्ता काय लिहून आलं? दर वेळी शेजाऱ्याला हाक मारायला कुणालाही संकोच वाटतो. २०१० साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात जेफ्री बिगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर ‘विझविझ’ नावाचं आयफोनचं अ‍ॅप तयार केलं. अपंग व्यक्तींसाठीच्या तंत्रज्ञान संशोधनात क्राउडसोर्सिंग, म्हणजे मोठं काम बारीक तुकड्यांत अनेक अनोळखी लोकांकडून करून घेणं, कसं चालतं हे समजून घ्यायला विझविझइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

वापरणाऱ्याला तीनच गोष्टी करायच्या होत्या. फोटो काढायचा, प्रश्न आपल्या आवाजात बोलायचा आणि पाठवायचा. त्या काळी यंत्राला कुठलाही फोटो दाखवून भरवशाचं उत्तर मिळत नव्हतं. म्हणून प्रश्न जायचा माणसांकडे. अ‍ॅमेझॉनने २००५ मध्ये ‘मेकॅनिकल टर्क’ नावाचा एक ऑनलाइन बाजार सुरू केला होता. तिथे लोक घरबसल्या काही सेंटांच्या मोबदल्यात छोटी छोटी कामं करतात. विझविझचा प्रश्न या बाजारात काम म्हणून मांडला जाई. कामगार फोटो पाहून आणि प्रश्न ऐकून उत्तर टाइप करी, आणि फोनमधला स्क्रीन रीडर ते वाचून दाखवी.

खरी अडचण वेळेची होती. काम मांडल्यापासून कुणाची तरी नजर पडून त्याने ते उचलेपर्यंत बराच वेळ जाऊ शकतो, आणि डबा हातात धरून कुणी तासभर उभं राहत नाही. त्यावर या संशोधकांनी शोधलेली युक्ती मला फार आवडते. अंध माणसाने अ‍ॅप उघडून कॅमेरा सुरू केला, की प्रश्न विचारला जाण्याआधीच कामगारांना बोलावणं सुरू व्हायचं. आलेले कामगार रिकामे बसले तर निघून जातील, म्हणून तोवर त्यांच्यासमोर जुने, उत्तरं मिळून गेलेले प्रश्न ठेवले जात. रिक्षा स्टँडवर आधीच उभी असावी तशी ही सोय होती. नवा प्रश्न आला, की तो लगेच समोरच्या माणसापुढे सरकायचा.

दुसरी काळजी चुकीच्या उत्तराची. त्यासाठी एकाच प्रश्नाला अनेकांची उत्तरं घेतली जात आणि येतील तशी पाठवली जात. ‘फोटो अंधारा आहे’, ‘डबा जरा फिरवा’ असंही कामगार कळवत, आणि हे तर निव्वळ उत्तरापेक्षाही उपयोगी होतं. पहिल्या चाचणीत ११ अंध व्यक्तींनी भाग घेतला. पहिलं उत्तर यायला सरासरी दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला, आणि ८२ पैकी ७१ प्रश्नांचं पहिलंच उत्तर बरोबर निघालं. २०११ मध्ये अ‍ॅप सर्वांसाठी खुलं झालं, तेव्हा पहिल्याच वर्षात पाच हजारांहून जास्त लोकांनी चाळीस हजारांवर प्रश्न विचारले.

एका प्रश्नाचं उत्तर एकटा माणूसही देऊ शकतो. काही कामांना मात्र एकटा माणूस पुरतच नाही. वर्गात शिक्षक बोलत आहेत आणि कर्णबधिर विद्यार्थ्याला ते त्याच क्षणी लिखित स्वरूपात हवं आहे. बोलण्याचा वेग मिनिटाला दीडशे शब्दांच्या आसपास, साधा माणूस टाइप करतो त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. इतक्या वेगाने लिहिणारे प्रशिक्षित स्टेनोग्राफर थोडे आणि महाग. वॉल्टर लासेकी आणि बिगहॅम यांच्या गटाने २०१२ मध्ये मांडलेल्या ‘स्क्राइब’ या प्रणालीत तोच आवाज एकाच वेळी अनेक सामान्य माणसांना ऐकवला जातो. प्रत्येकाच्या कानात ठरावीक काही सेकंदच आवाज मोठा होतो आणि मग पुन्हा लहान. मोठ्या आवाजातलं तेवढं टाइप करायचं. एकाचा तुकडा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू झालेला असतो. संगणक हे एकमेकांवर चढलेले तुकडे शब्द जुळवत एका ओळीत लावतो. पाच सेकंदांच्या आत वाक्य विद्यार्थ्याच्या पडद्यावर येतं, आणि कुणाही एकाला पूर्ण भाषण टिपावं लागत नाही.

पैशांऐवजी स्वेच्छेवर चालणारी रूपंही आहेत. डेन्मार्कमधल्या हान्स यॉर्गन विबर्ग यांनी, ज्यांची स्वतःची दृष्टी कमी आहे, कल्पना मांडलेलं ‘बी माय आइज’ २०१५ मध्ये आलं. त्यात अंध व्यक्तीचा व्हिडिओ कॉल तिच्या भाषेतल्या स्वयंसेवकाला लागतो. ‘प्रोजेक्ट साइडवॉक’मध्ये लोक घरी बसून गूगलच्या रस्त्यांच्या चित्रांवर फुटपाथचे उतार, खड्डे आणि अडथळे खुणावतात, म्हणजे व्हीलचेअरने कुठून जाता येईल याचा नकाशा तयार होतो.

पण विझविझची गोष्ट उत्तरं देण्यावर थांबली नाही, आणि संशोधनाच्या दृष्टीने तिचा मोठा भाग इथूनच पुढे आहे. जमलेल्या प्रश्नांपैकी, ज्यांनी संमती दिली त्यांचेच प्रश्न घेऊन, डॅना गुरारी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ३१ हजारांहून जास्त फोटो-प्रश्नांचा संग्रह संशोधकांसाठी खुला केला. त्याआधी चेहरे, बँकेची कार्डं, पत्ते अशी खासगी माहिती दिसणारे फोटो माणसं बसवून वेगळे काढले. आपल्या फोटोत मागे काय आलंय हे फोटो काढणाऱ्यालाच दिसत नाही, म्हणून ही जबाबदारी संशोधकांनी घ्यायलाच हवी होती. प्रश्नांतून विचारणाऱ्यांचे आवाजही काढून टाकले आणि फक्त मजकूर ठेवला. मग प्रत्येक प्रश्नाला दहा वेगवेगळ्या लोकांकडून उत्तरं घेतली.

या संग्रहाची गरज का पडली? तोवर यंत्रांना शिकवायला वापरलेले फोटो डोळस माणसांनी काढलेले होते. वस्तू मधोमध, उजेड नीट. अंध माणसाच्या फोटोत बाटली अर्धी बाहेर असते, भिंगावर बोट आलेलं असतं, लेबल पलीकडच्या बाजूला असतं. प्रश्नही बोलीतला असतो, कधी पहिला शब्द कापलेला. चकचकीत फोटोंवर शिकलेली यंत्रं इथे साफ कोलमडली. शिवाय पाव हिश्श्याहून जास्त प्रश्नांना त्या फोटोवरून उत्तर देणंच शक्य नव्हतं. म्हणजे यंत्राला ‘यावरून सांगता येत नाही’ हे म्हणायला शिकवणं भाग होतं. गोळीचं नाव विचारणाऱ्याला ठामपणे चुकीचं नाव सांगणारं यंत्र नसलेलंच बरं. हे शहाणपण संशोधकांना सुचलं ते अंध लोकांनी आपल्या गरजेपोटी काढलेल्या हजारो सदोष फोटोंमुळे. ते मदत घेत होते, आणि त्याच वेळी पुढच्या यंत्रांना शिकवतही होते. त्यांना आपण नुसतं ‘लाभार्थी’ म्हणतो तेव्हा हा अर्धा भाग सुटतो.

भारतात झालेलं एक काम हा मुद्दा आणखी पुढे नेतं. मेकॅनिकल टर्कवर अंध माणूस स्वतः काम करून कमवू शकतो का? आदित्य वशिष्ठ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर निराशाजनक आलं. स्क्रीन रीडरला वाचता येतील अशी नावं तिथल्या बटणांना नव्हती, आणि मथळ्यांची मांडणी चुकलेली होती. म्हणून त्यांनी ‘बीस्पीक’ बनवलं. एखादी मोठी ध्वनिफीत काही सेकंदांच्या तुकड्यांत कापायची. एक तुकडा अनेकांकडे जातो. ऐकणारा तो टाइप करत नाही. शांत जागी बसून तेच शब्द स्वतः स्पष्ट उच्चारतो, आणि फोन ते अक्षरांत उतरवतो. मूळ ध्वनीतला गोंगाट यंत्राला चकवतो, पण जवळून, नीट बोललेला आवाज ते बरंच ओळखतं. तरीही चुका राहतातच, पण प्रत्येकाच्या वेगळ्या. चारपाच जणांचा मजकूर शेजारी ठेवून बहुमताने शब्द निवडला, की बऱ्याच चुका गळून पडतात. ऐकून बोलणं हेच या कामाचं कौशल्य. त्यात डोळ्यांचं अडत नाही.

दोन आठवड्यांच्या प्रत्यक्ष प्रयोगात अल्प उत्पन्न असलेल्या २४ अंध व्यक्तींनी १६ हजारांहून जास्त कामं केली. मजकूर ८७ टक्के अचूक आला. सगळ्यांची मिळून कमाई झाली ७,३१० रुपये, म्हणजे माणशी तीनशेच्या आसपास आणि एका तुकड्याला पन्नास पैशांहूनही कमी. आकडा लहान आहे, आणि तो लपवू नये. असं काम रोजगार म्हणून उभं करायचं असेल, तर दर कोण ठरवतो हा प्रश्न तंत्राइतकाच महत्त्वाचा आहे.

बीस्पीकसारख्या कामाचा पाया असलेली आवाज ओळखणारी यंत्रणा मराठीत चांगली हवी असेल, तर मराठी आवाज हवेत, आणि तेही फक्त शहरी, शिकलेले नकोत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण आणि शहरी अल्प उत्पन्न गटांतल्या लोकांकडून आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून मराठी वाक्यं मोबाइलवर वाचून घेतली. ३६ जणांनी १०९ तासांचा आवाज दिला, आणि गावातल्या लोकांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं. सेरेब्रल पाल्सी किंवा पार्किन्सनमुळे ज्यांचे उच्चार वेगळे होतात, त्यांचे आवाज जमवण्याचं काम अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने २०२२ मध्ये मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. त्याची सुरुवात इंग्रजीपासून झाली. मराठीतलं हे काम ज्यांना करायचं आहे, त्यांना पद्धत नव्याने शोधावी लागणार नाही. संमती, खासगीपण, एकाच कामावर अनेकांची नजर आणि रास्त मोबदला, एवढं सगळं आधीच्या लोकांनी चाचपून ठेवलं आहे. बोलणारी माणसं मात्र इथलीच लागतील.