ओले अंथरूण आणि कोंडलेला श्वास

वयाची पाच वर्षे उलटल्यावरही जे मूल रात्री अंथरूण ओले करते, त्याच्याविरुद्ध घरात जी फिर्याद उभी राहते तिचा निकाल आधीच लागलेला असतो: मूल आळशी आहे, हट्टी आहे, दोन रट्टे बसल्यावाचून सुधारणार नाही. वस्तुतः हा प्रकार गाढ निद्रेत, इच्छाशक्तीचा अंमल चालत नाही अशा अवस्थेत घडतो, आणि पाच वर्षांच्या सुमारे १५ टक्के मुलांत तो आढळतो. बहुतेकांचा तो वयाबरोबर आपोआप थांबतो. कित्येकदा आईने वा वडिलांनी बालपणी हाच त्रास सोसलेला असतो. परंतु काही मुलांच्या या दुःखाचे एक कारण मूत्राशयात न शोधता नाकाच्या पाठीमागे शोधावे लागते, आणि याची दखल घरोघरी फार क्वचित घेतली जाते.

नाकाच्या पोकळीमागे, घशाच्या छताशी, मऊ ऊतींचा एक पुंजका असतो. त्याच्या वाढीमुळे होणाऱ्या विकाराचे वर्णन कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर यांनी १८६८ साली प्रसिद्ध केले. आज आपण त्या पुंजक्यालाच अ‍ॅडिनॉइड म्हणतो. तीन ते सात वर्षांच्या सुमारास हा पुंजका आणि टॉन्सिल हे दोन्ही, श्वासमार्गाच्या मानाने, सर्वांत मोठे असतात. ते फाजील वाढले म्हणजे मूल दिवसा तोंड उघडे ठेवून वावरते, रात्री घोरते, आणि घोरता घोरता त्याचा श्वास मध्येच अडतो.

नाक चिमटीत धरून आणि ओठ मिटून श्वास आत ओढू पाहावा, म्हणजे छातीवर किती ताण येतो ते कळते. या मुलांची छाती असा ताण रात्रीतून कितीतरी वेळा सोसते. त्या ओढीने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, आणि शरीरात पाणी वाजवीपेक्षा अधिक झाले आहे असा जणू त्यांचा ग्रह होऊन ते एक संप्रेरक रक्तात सोडतात, जे मूत्रपिंडांकडून मीठ आणि पाणी बाहेर टाकविते. हृदयातून असे द्रव्य स्रवते हे कॅनडात अडॉल्फो दि बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली उंदरांवरील प्रयोगाने दाखविले; तोवर हृदय केवळ रक्त ढकलणारे इंद्रिय समजले जात असे. एरवी रात्री लघवी कमी तयार व्हावी अशी शरीराची तजवीज असते. ती येथे मोडते. शिवाय श्वासासाठी रात्रभर झगडून मेंदू इतका शिणलेला असतो की मूत्राशय भरल्याची सूचना मिळूनही जाग येत नाही. अशा मुलाला मारून काय साधणार?

वाढलेले अ‍ॅडिनॉइड आणि टॉन्सिल काढल्यावर, पूर्वी अंथरूण ओले करणाऱ्या निम्म्या किंवा त्याहून अधिक मुलांचा हा त्रास थांबल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तरीही शस्त्रक्रियेचा निर्णय श्वासाच्या अडथळ्यावरून व्हावा, केवळ ओल्या अंथरुणावरून नव्हे. सूज अ‍ॅलर्जीची असेल तर नाकात मारावयाच्या औषधी फवाऱ्यानेही पुष्कळदा उतार पडतो. आणि निदान सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर लघवीतील जंतुसंसर्ग, मधुमेह आणि बद्धकोष्ठ यांचा तपास आधी केला पाहिजे.

बहुधा होते असे की, घोरण्याची तक्रार कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाते, आणि अंथरुणाची तक्रार लाजेपायी कुणाकडेच जात नाही. आईवडिलांनी दोन-चार रात्री मुलाच्या उशाशी बसून त्याचा श्वास ऐकावा, तो अडतो का, मान मागे टाकून मूल धडपडते का, घामाने भिजते का हे पाहावे, आणि दोन्ही तक्रारी एकाच डॉक्टरांपुढे, एकाच वेळी मांडाव्यात.