धबधबा भाड्याने देणे आहे

जुलै-ऑगस्टात कोल्हापूरकर एकमेकांना विचारतात, “राधानगरीचं किती दरवाजं उघडलं?” सातही दरवाजे स्वयंचलित, पाणी ठरावीक पातळीला पोहोचलं की आपसूक उघडतात. भोगावतीवरचं हे धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं. गंमत अशी, की नेमक्या त्याच दशकात नॉर्वेही पाण्याच्याच विचारात होता.

१९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळा झालेला हा देश तेव्हा श्रीमंत नव्हता. गाठीशी होते डोंगर आणि धबधबे. विजेचं युग येताच परदेशी कंपन्या धबधबे विकत घेऊ लागल्या. १९०६ मध्ये संसदेनं घाईघाईनं कायदा करून त्यांना लगाम घातला. पुढं अट आली ती तर अफलातून : परवाना घ्या, वीजघर बांधा, साठ-ऐंशी वर्षं खुशाल कमवा, मुदत संपली की धबधबा, धरण, यंत्रं सगळं सरकारजमा. मोबदला शून्य!

१९६९ च्या अखेरीस उत्तर समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला, तेव्हा हा देश गडबडून गेला नाही. निसर्गानं दिलेलं कंपनीला वापरायला द्यायचं, मालकी मात्र सोडायची नाही, हे धबधब्यांनी शिकवलं होतंच. तेलाचे नियम आखणाऱ्यांत बसऱ्याचा एक इराकी भूवैज्ञानिकही होता, फारूक अल-कासिम. तो तिथं आला होता मुलाच्या उपचारांसाठी. आज तेलकंपन्यांच्या नफ्यावर ७८ टक्के कर आहे. पैसा जातो १९९० च्या कायद्यानं उभारलेल्या निधीत आणि त्यातला वर्षाकाठी साधारण तीन टक्केच खर्चायचा असा दंडक आहे. निवडणुकीच्या तोंडावर तिजोरीला हात न लावणारे पुढारी! हे वाचून मी पान दोनदा उलटून पाहिलं.

नॉर्वेची लोकसंख्या जेमतेम ५५ लाख, म्हणजे दीड कोल्हापूर जिल्हा. संसद चार वर्षं विसर्जित करता येत नाही. खासदार पक्षानुसार बसत नाहीत, जिल्ह्यानुसार बसतात. त्यामुळं शेजारी बऱ्याचदा विरोधक.

म्हणून तिथं भांडणं नाहीत असं नाही. वीज परदेशी विकल्यानं दक्षिणेकडची बिलं भडकली आणि जानेवारी २०२५ मध्ये युरोपच्या वीजनियमांवरून सत्तेतला एक पक्ष सरकारबाहेर पडला. दूधगंगेच्या पाण्यावरून कागल आणि इचलकरंजीची जुंपलेली पाहिलेल्या माणसाला हा वाद समजायला नॉर्वेजियन यावं लागत नाही.